गोदाबाईचा गण

वरूडखेडच्या गोदाबाईला कोणी रस्त्यात थांबवून "कशी हाय वो बाई?" असं विचारलं, की ती आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची आणि मग सावकाश म्हणायची, "बरी हाय. कावून?"

त्या 'कावून'ला, म्हणजे 'का बरं'ला, गावातली माणसं वचकून असत. तिचा नवरा मोतीराम गमतीनं सांगायचा, "आमच्या लग्नात हिनं फेरे बी मागं पाहू पाहू घेतले." पण गोदाबाई जन्मतः संशयी नव्हती. ती सासरी आली तेव्हा त्यांच्या शेताचा शेजारी दर पेरणीला धुरा, म्हणजे बांध, थोडा थोडा आत सरकवत होता. सासरे भिडेखातर गप्प बसले. एका उन्हाळ्यात तिनं स्वतः दोरी धरून मोजणी करायला लावली, तेव्हा चार तास, म्हणजे नांगराच्या चार ओळी, जमीन परत मिळाली. त्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं, की जे आपोआप झालं असं सांगतात, ते कोणीतरी केलेलं असतं.

पंचायत समितीला उभं राहायचं तिच्या मनात आलं ते पाण्यावरून. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. गोड पाण्याची नळयोजना कागदावर होती, पाइप शेतात पडून होते. गोदाबाई बायका घेऊन तालुक्याच्या कचेरीपुढे बसली. त्या बायकांत नदीपलीकडच्या सावंगीची भागीरथा तायडे होती. भागीरथा मजुरीला जायची, बचत गट चालवायची आणि सावंगीतल्या बौद्ध वस्तीत तिचा शब्द चालायचा. नळ वरूडखेडला आला, सावंगीला पुढच्या उन्हाळ्यात आला. पण दोघींची मैत्री तिथं जुळली ती पक्की. भागीरथानंच एकदा म्हटलं, "बाई, आता तुमीच उभ्या राहा. आमचं सावंगी एकगठ्ठा तुमच्या मांगं."

पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात. आठ-दहा गावं मिळून एक गण. वरूडखेडच्या गणात सावंगी पहिल्यापासून होतं. आधीचा सदस्य नत्थुजी वरूडखेडचाच, दोनदा निवडून आलेला, पांढरी जीप, गोड बोलणं. त्याची मुदत संपली तेव्हा गोदाबाईनं घरोघर सांगून टाकलं, की या वेळी मी उभी राहणार.

आणि निवडणूक झालीच नाही.

आधी सांगितलं, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न कोर्टात आहे. मग गणांची संख्या वाढली आणि नवे नकाशे निघाले. सरकार बदललं, ते नकाशे रद्द झाले, जुनी संख्या परत आली. मग पुन्हा कोर्ट, पुन्हा तारीख. चार पावसाळे गेले. पंचायत समितीत प्रशासक बसले. कोणी तक्रार घेऊन गेलं, की साहेब म्हणत, "सदस्य आले की ठरावात घेऊ." सदस्य कधी येणार, ते साहेबांनाही माहीत नव्हतं. गावात 'तारीख' या शब्दाचा अर्थच बदलला. पारावर कोणी विचारी, "काय झालं तारखीचं?" आणि दुसरा म्हणे, "पुढची भेटली."

गोदाबाई मात्र थांबली नाही. लग्नाला, मयतीला, बारशाला ती गणातल्या सगळ्या गावांत जात राहिली. तिचा एक ठाम समज होता. निवडणूक लांबते ती कोणाच्या तरी सोयीनं लांबते.

मागच्या वर्षी नव्या रचनेचा मसुदा निघाला. तिच्या बहिणीचा मुलगा नितेश अकोल्याला एका वकिलाकडे कारकून होता. त्यानं मोबाइलवर नकाशा पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"मावशी, पाह्यलं का? सावंगी गेलं."

"कुठी गेलं?"

"हिंगणवाडी गणात टाकलं. नदीच्या वरतून रेघ मारली अन् सावंगी तिकडं. तुह्याकडं दुसरे दोन गावं जोडले."

गोदाबाई ओट्यावर बसूनच राहिली. सावंगी तिच्या मागच्या अंगणातून दिसायचं. रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या त्या बुटक्या पुलावरून, चालत गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येई. आणि जोडलेल्या दोन गावांत तिला कोणी ओळखतही नव्हतं.

"हे नत्थुजीचं काम हाय," ती म्हणाली.

"मले बी तसंच वाटते," नितेश म्हणाला. "हरकत टाकू. अमरावतीले सुनावनी होईन."

त्याच दिवशी ती सावंगीला गेली. भागीरथा अंगणात तूर पाखडत होती. गोदाबाईनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, भागीरथा सूप फेकून उठेल. भागीरथानं सूप खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "असं झालं का?"

"असं झालं का काय? हरकत टाकाची हाय. तुमी चला संगं. सावंगीच्या बाईनं सांगतलं त वजन पडते."

"पाहू," भागीरथा म्हणाली. "पायलचे दिवस भरले हायत. तिले अकोटले दवाखान्यात न्या लागते. कवा जा लागंन, सांगता येत नाई."

पायल म्हणजे तिची मुलगी. कारण खरं होतं. तरी रपट्यावरून परतताना गोदाबाईच्या मनात ते 'पाहू' खड्यासारखं टोचत राहिलं. इतक्या वर्षांत भागीरथा तिला कधी 'पाहू' म्हणाली नव्हती.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट दिसू लागली. भागीरथाचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. बचत गटाच्या बैठकीत ती दाराजवळ बसली आणि चहाच्या आधी उठून गेली. मग एका सकाळी पिठाच्या गिरणीवर इंदूबाई सहज बोलून गेली, "भागीरथाबाई काल नत्थुजीच्या जीपमंदी दिसल्या. बऱ्या हायत ना?"

गोदाबाईनं पिठाचा डबा उचलला. "बऱ्या हायत," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं 'कावून' विचारलं नाही.

घरी आल्यावर मोतीराम म्हणाला, "अवं, जीपमंदी बसलं म्हणजे माणूस इकल्या जाते का? सरळ इचार तिले."

"इचारून खरं सांगंन का कोनी?"

"मंग न इचारता तुले कसं समजलं?"

ती चुलीकडे वळली. विचारायला ती गेली नाही. तिला भीती होती, की उत्तर ऐकावं लागेल.

सुनावणीच्या दिवशी ती नितेशबरोबर अमरावतीला गेली. कचेरीचा व्हरांडा माणसांनी भरलेला. गावोगावचे सरपंच, माजी सदस्य, वकील, सगळ्यांच्या हातात नकाशे. प्रत्येकाच्या गावावरून रेघ चुकीची गेली होती. बाकावर बसलेला एक म्हातारा सांगत होता, की त्याच्या गावाचं अर्धं शिवार एका गणात आहे आणि शेजारचं गाव उड्या मारून तिसऱ्याच गणात गेलंय. गोदाबाईला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की एवढ्या सगळ्या रेघा एकटा नत्थुजी कशा मारेल? पण तो विचार तिनं टिकू दिला नाही.

तिचं नाव पुकारलं. ती आत गेली आणि धीटपणे बोलली. सावंगी आणि वरूडखेडची स्मशानभूमीची वाट एक, बाजार एक, शाळा एक. मधे फक्त नदी, ती काही डोंगर नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, लोकसंख्येची सरासरी जुळवावी लागते असं सांगितलं आणि पुढचं नाव घेतलं.

"सावंगी. भागीरथा देवमन तायडे."

गोदाबाई दारातच थांबली. मागच्या रांगेतून भागीरथा उठली. अंगावर ठेवणीतली निळी साडी होती. तिचा नवरा देवमन मागं उभा होता. त्यानं गोदाबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बोला बाई," साहेब म्हणाले. "तुमचीही हरकत आहे का?"

"नाई साहेब. नवीन नकाशाले आमचा पाठिंबा हाय." भागीरथाचा आवाज आधी बारीक होता, मग सावरला. "पावसाळ्यात रपटा पान्याखाली जाते. आमचा दवाखाना, आमची ग्रामसेवकाची कचेरी, आमची एसटी हिंगणवाडीकडूनच येते. अन् दुसरं म्हणजे, तिकडच्या गावाईत आमच्या वस्त्या मोठ्या हायत. इकडं आमी दुसऱ्याले निवडून देतो. तिकडं गेलो त कवा तरी आमचं कोनी निवडून येईन. आमाले तिकडंच राहू द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. भागीरथा वळली तेव्हा दोघी समोरासमोर आल्या. भागीरथाचे ओठ हलले. गोदाबाई बाजूला सरकली आणि जिना उतरून खाली गेली.

बसमध्ये नितेश म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" खरं तर त्यानं भागीरथाबद्दल आधी काहीच म्हटलं नव्हतं. गोदाबाईच्या ते लक्षात आलं, पण त्या क्षणी तिला कोणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं.

मसुदा जसाच्या तसा कायम झाला. मग आरक्षणाची सोडत निघाली. नव्या नियमानं आरक्षणाचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं, म्हणून आधी कोणत्या गणाला काय होतं याचा उपयोग उरला नव्हता. वरूडखेड गण सर्वसाधारण महिलेसाठी निघाला. हिंगणवाडी गण अनुसूचित जातीच्या महिलेसाठी.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं होतं. भागीरथा उभी राहणार. तिला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच ती तिकडे गेली. सोडत सगळ्यांसमोर काढतात, आधी कोणाला कशी कळेल, असं मोतीराम सांगत राहिला. "तुले काय समजते?" ती त्याच्यावर खेकसली. पायलच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं आलं, त्यालाही ती गेली नाही.

आठवड्याभरात नितेश स्वतः आला. जेवून हात धुतल्यावर म्हणाला, "मावशी, नागपूरले हायकोर्टात जाऊ. रचना बी चुकीची अन् चक्र बी चुकीचं, असा अर्ज टाकू. बाकी जिल्ह्यातले लोक बी गेले हायत. तुह्या नावानं टाकू. सावंगी वापस आनू."

"वकील कोन?"

"आमचेच साहेब. तू फक्त सही कर."

"त्यायची फी?"

"ते पाहून घेऊ आमी."

गोदाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, जसं ती परक्या माणसाकडे बघायची. तिच्या बहिणीचा हा मुलगा. त्यानं कधी स्वतःच्या पैशानं तिला चहा पाजला नव्हता.

"कावून?" तिनं विचारलं.

"कावून म्हणजे? तू माही मावशी होय म्हणून."

"मंग मी आधी वकिलाले भेटीन. सही मंग."

नितेशनं दोन-तीनदा टाळलं. वकीलसाहेब बाहेरगावी आहेत, कामात आहेत. शेवटी ती त्याला न सांगता एकटीच अकोल्याची गाडी धरून वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसली. वकील तरुण होता, घाईत होता. तिचं नाव ऐकताच त्यानं खुर्ची पुढं केली.

"या, या बाई. मला नत्थुजींनी सगळं सांगितलंय. तुम्हाला काही त्रास नाही, नागपूरलाही यायची गरज नाही."

गोदाबाई खुर्चीत ताठ बसली. "नत्थुभाऊनं काय सांगतलं?"

"हेच, की तुमच्यावर अन्याय झालाय. आपण रचना आणि सोडत दोन्हीला आव्हान देतोय. सगळी सोडत रद्द करून मागतोय."

"सगळी? माह्या गणाची बी?"

"सगळीच ना. पुन्हा काढली तर तुमचा गण खुला होऊ शकतो." वकील बोलता बोलता थांबला. समोरच्या बाईला हे ठाऊक नव्हतं, हे त्याला बहुधा तेव्हाच कळलं.

गोदाबाईला सगळं एकदम उमगलं. महिलेसाठी राखीव झालेल्या गणात नत्थुजीला उभं राहता येत नव्हतं. त्याला सोडत मोडायची होती, आणि ती मोडायला एक बाई हवी होती. रागावलेली बाई असली तर आणखी बरं. तिचा स्वतःचा राग तो तिच्याच विरुद्ध वापरणार होता.

ती उठली. "मी सही करत नाई," म्हणाली. "नितेशले सांगजा, मावशी येऊन गेली."

परतीच्या एसटीतून उतरून ती घरी गेलीच नाही. रपट्यावरून चालत थेट भागीरथाच्या घरी गेली. दुपार टळत होती. पायल आत बाळाला घेऊन निजली होती. भागीरथा दारात आली आणि तिला बघून तिथंच उभी राहिली.

"या," ती म्हणाली.

"बसत नाई मी. एक सांगा. नत्थुजीच्या जीपमंदी बसल्या होत्या का तुमी?"

"हो. पायलले कळा येऊन राहिल्या होत्या. एसटी गेली होती. त्यानं अकोटपर्यंत सोडलं. वाटंत म्हणे, नकाशा बरा झाला, पाठिंबा द्या. मी आधीच द्यायचं ठरवलं होतं, बाई. त्यानं सांगतलं म्हणून नाई."

"मले कावून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी हो म्हटलं असतं?"

गोदाबाई म्हणाली, "नाई."

"तेच." भागीरथाचा आवाज चढला. "तुमच्या गावात नळ आला तवा मी तुमच्या संगं नाचली. आमाले अख्खा उन्हाळा खारं पानी प्यावं लागलं. तुमी आमच्यासाठी पुन्हा कचेरीत गेल्या, मी नाई म्हणत नाई. पन दर टायमाले आमी तुमच्या मागून. किती दिवस मागून? तुमाले मत द्यायले मी तयार होती. पन माह्या पायलले कवा तरी कोनी मत मागायले लावंन का, का तिनं बी फक्त देतच राहाचं?"

आत बाळ रडू लागलं. गोदाबाईला बोलायला पुष्कळ होतं. तुम्ही मला तोंडावर सांगायला हवं होतं. मी तुमच्या तोंडातून ते अमरावतीला भर कचेरीत ऐकलं. पण जे भागीरथा बोलली होती, त्यातलं खोटं काय आहे, ते तिला शोधूनही सापडलं नाही.

"सोडतीचं तुमाले आधी मालूम होतं?" तिनं तरी विचारलंच.

भागीरथा हसली, पण ते हसणं कडू होतं. "मले मालूम असतं त मी त्या दिवशी नवी साडी घालून गेली असती. लोकाईले वाटते मले मालूम होतं. तुमाले बी वाटते. तुमच्याकडून मले त्याची अपेक्षा नव्हती."

"मले बी तुमच्याकडून अमरावतीची अपेक्षा नव्हती," गोदाबाई म्हणाली.

भागीरथा आत गेली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. तिनं ते गोदाबाईच्या हातात दिलं. गोदाबाईनं त्याला घेतलं, बघितलं. "देवमनभाऊवर गेलं," म्हणाली आणि ओट्यावर बसली.

त्यानंतर दोघींत बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. आता एखादी गोष्ट सांगितली, की दुसरी एक प्रश्न जास्त विचारते. नितेश सहा महिने घरी आला नाही. तो अर्ज शेवटी दुसऱ्याच कोणा बाईच्या नावानं दाखल झाला आणि नागपूरला टिकला नाही. नत्थुजीनं हार मानली नाही. त्यानं आपली सून आकांक्षा उभी करायची तयारी चालवली आहे. ती पुण्याला शिकलेली, गावात सणालाच येते. फलकांवर मात्र तिच्या फोटोपेक्षा सासऱ्याचा फोटो मोठा असतो.

आणि निवडणूक अजून व्हायची आहे. आरक्षण एकूण निम्म्याच्या वर जातं का, आणि जात असेल तर काय, हा प्रश्न दिल्लीला मोठ्या कोर्टात आहे. कोर्टानं सांगितलं तर सोडत पुन्हा निघेल. मग गोदाबाईचा गण राखीव राहील की नाही, भागीरथाचा राहील की नाही, कोणी सांगू शकत नाही. सावंगी कोणी हलवलं, तेही गोदाबाईला अजून कळलेलं नाही. साहेब म्हणतात, सरासरी. तिला ते अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, ते तिनं ठरवलेलं नाही.

तोवर ती तिच्या गणात नव्यानं जोडलेल्या दोन गावांत जाते. मोतीराम मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडतो, पुढं ती पायी जाते. परवा त्यातल्या एका गावात ती एका अंगणात शिरली. तिथं पार्बताबाई नावाची म्हातारी वाळवण राखत बसली होती. गोदाबाईनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, घरात पाणी कसं येतं ते विचारलं.

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी आमच्या गावात कवाच नाई आल्या. आता आल्या. कोनं पाठवलं तुमाले?"

"कोनीच नाई. मी माह्या मनानं आली."

"असंच सांगतात सारे," म्हातारी म्हणाली आणि एक चिमणी हाकलली.

गोदाबाईला राग आला नाही. तिनं चपला काढल्या, अंगणाच्या कडेला सावली बघून बसली आणि म्हणाली, "इचारा, काय इचाराचं ते. मले घाई नाई."

पार्बताबाईनं पहिला प्रश्न विचारला. नंतर दुसरा. शेजारच्या दोन बायाही कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही विचारायला सुरुवात केली.